दोन खोल्या, दोन नावं

चूक माझीच. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागून कोणी बोलायला नको.

आमच्या सरोवराकाठच्या दवाखान्यात मी नावं पुकारते, वजनं घेते, नव्या बायकांना धीर देते. मी स्वतः चौदा वर्षं एचआयव्हीच्या गोळ्या घेतेय, त्यामुळे मला शहाणपण शिकवायला कोणी येत नाही. रिस्पर अवुओर तीन वर्षांपूर्वी चौथ्या खोलीत आली ती या गोळ्यांसाठीच. ओमेना मासळी वाळवून विकणारी, बोलायला तिखट, पण हसरी. गोळ्यांची लाज आमच्याकडे आता फारशी उरलेली नाही. तिचा नवरा घेतो, शेजारीण घेते. तिची धास्ती वेगळीच होती. तिसऱ्या मुलीच्या वेळी रक्त थांबेना, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा दिवस राहिले तर तू वाचशीलच असं नाही. आणि घरात सासू, दोर्का. दोर्काचा मेलेला नवरा ओबिएरो म्हणे स्वप्नात येऊन विचारतो, माझं नाव कुठल्या नातवाला दिलंत? तीन पोरी झाल्या तरी म्हाताऱ्याचा हट्ट काही सुटेना.

रिस्परला दंडात मूल न होण्याची काडी बसवून घ्यायची होती, पण ती मिळायची सातव्या खोलीत. त्या दाराशी बसलेली बाई म्हणजे गावभर बोभाटा. त्यातून सासूची भाची तिथे झाडलोट करायची आणि रजिस्टर चाळायची. तेव्हा मीच अक्कल पाजळली. म्हटलं, "पोरी, दुपारी ये आणि आजीचं नाव सांग. गोळ्यांचा विषयच काढू नकोस. त्या खोलीला या खोलीशी काय करायचंय?" तिने मेरेसा अचोला असं नाव लिहवलं. काडी बसली. दोघी खूश.

यंदा दोन्ही कामं एका खोलीत आणली. एक टेबल, एक फाइल, आणि नवीन आलेल्या सिस्टर न्याबोके. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं की आपल्या बायका घेतात त्यातल्या एका गोळीने दंडातली काडी कमजोर पडते. काडी असूनही दिवस राहू शकतात. गोळ्या मुळीच सोडायच्या नाहीत, काडीच्या जागी दुसरा उपाय करायचा. दोन्ही चालू असलेल्या बायकांची यादी काढली. अकरा नावं निघाली. रिस्परचं नव्हतं. असणार कसं? एका रजिस्टरात रिस्पर, दुसऱ्यात मेरेसा.

तशीच उठले आणि किनाऱ्यावर गेले.

रिस्पर जाळीवर मासळी उलटत होती, शेजारी दोर्का. वजनकाटा बिघडला होता, पुन्हा वजन घ्यायचंय, अशी मी थाप मारली. दोर्काने माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले.

"वजन वाढलेलंच असणार. दोन महिने दोरीवर तिची फडकी नाहीत. म्हातारा स्वप्नात यायचा थांबलाय, बाई."

रिस्पर ओठांतल्या ओठांत हसली. काडीने पाळी थांबते, हे तिला ठाऊक होतं. सासूला फसवल्याचाच तिला आनंद. मला काही हसू फुटेना.

वाटेत मी तिला सगळं सांगितलं. ती थांबली. मला एक शिवीही दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं.

"मावशी, माझ्या पोरी कोण सांभाळेल?" एवढंच म्हणाली.

लघवी तपासायची पट्टी टेबलावर ठेवली. पाच मिनिटं मी तिचा हात धरून होते, की तिने माझा, कोण जाणे. एक रेघ उमटली. दुसरी कधी उमटते म्हणून मी पट्टीवरून नजर हटवेना. शेवटी सिस्टरनीच ती उचलली आणि सांगितलं, दिवस नाहीत, काडीमुळेच पाळी थांबलीय. पण यापुढे काडीच्या भरवशावर राहायचं नाही. त्यांनी तिथेच इंजेक्शन दिलं. दर तीन महिन्यांनी गोळ्या न्यायला यायचं, त्याच खुर्चीत इंजेक्शन घ्यायचं. बाहेरच्यांना दिसणार फक्त गोळ्यांची पिशवी. रिस्पर अंगावरच्या कापडाचं टोक तोंडाला लावून रडली, मग डोळे पुसून म्हणाली, सासऱ्यांना आता शेजाऱ्यांच्या स्वप्नात जायला सांगा.

ती गेल्यावर सिस्टरनी दोन्ही रजिस्टरं उघडली. काडी बसवल्याच्या तारखेपुढे रिस्परऐवजी लिहिलेली ही मेरेसा कोण, म्हणून विचारलं. मी सगळं कबूल केलं. वाटलं, आता काढून टाकतील. त्यांनी आवाजही चढवला नाही.

"नाव बदलायचं हे तू आणखी किती जणींना शिकवलंस?"

मी बोटांवर मोजायला लागले. एका हाताची बोटं संपली. दुसऱ्या हाताचीही संपली. सिस्टरनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.