पाच फुटी गणपतीचा रंग

आमच्या पेणच्या घराच्या बाथरूममध्ये एका वेळी एकच माणूस मावतो, आणि तोही जेवायच्या आधी.

याला जबाबदार मीच. धरमतर बंदरात मिठाच्या गोण्या वाहून वाहून मी किराणा दुकान उभं केलं. दुकानामागे घर बांधताना गवंडी म्हणाला, "शेठ, बाथरूम जरा मोठी घेऊ." मी म्हटलं, "कशाला? गोदामात माल राहिला तर पैसे सुटतात. बाथरूममध्ये माणूस राहिला तर नुसतं पाणी जातं!" आणि बाथरूमची निम्मी जागा मी गोदामाला देऊन टाकली. तिथे आता पोह्यांच्या गोण्या ऐसपैस लोळतात आणि मी अंग चोरून आंघोळ करतो.

माझी कधीच तक्रार नव्हती. तक्रार काढली रोह्याच्या दादाने.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वडील गेल्यापासून घरचा गणपती त्याच्याकडे बसतो. मूर्ती मात्र पेणची, म्हणजे मी आणायची! दर वर्षी मी घसा बसेपर्यंत घासाघीस करतो, मूर्ती मांडीवर घेऊन टेम्पोत बसतो, नागोठण्यापर्यंतचा प्रत्येक खड्डा स्वतःच्या कंबरेवर झेलतो (बाप्पाला एकही लागू देत नाही), आणि रोह्याला पोचलो की सोवळं नेसलेला दादा पाटावरून म्हणतो, "ठेव तिथं." ठेव तिथं! हमाल आहे मी?

गेल्या वर्षी आरती झाल्यावर मी सगळ्या भावकीसमोर विषय काढला. "दादा, पुढच्या वर्षी गणपती माझ्याकडं."

दादाने हातातला मोदक खाली ठेवला. (यावरून प्रसंग किती गंभीर होता ते कळावं.)

"बाळ्या, सगळी भावकी येते. आंघोळ केल्याबिगर कोणी देवाला हात लावत नाय. तुझ्या बाथरूममधी कोपर वाकवायचं तर दार उघडावं लागतं! शेवटच्या माणसाची आंघोळ होईस्तवर विसर्जन येल."

भावकी हसली. माझी बायको सुमनसुद्धा हसली! मला भावकीचा राग नाही आला, पण सुमनला चांगली उचकी लागेपर्यंत हसायची काय गरज होती?

"आणि बाथरूम मोठी केली तर?" मी ओरडलो.

"कर की! मी स्वतः येतो, आंघोळ करतो. मोकळं वाटलं तर गणपती तुझा."

आता भिंत पाडायची तर खर्च, शिवाय गोदाम जातं. म्हणजे गणपती यायचा आणि लक्ष्मी जायची. पण दादाचे शब्द मी नीट ऐकले होते. तो 'मोठी झाली तर' म्हणाला नव्हता. 'मोकळं वाटलं तर' म्हणाला होता. वाटायला कुठे खर्च येतो?

मी कामाला लागलो. आत उघडणारं दार बाहेर उघडेल असं केलं. पाण्याचं पिंप हलवलं. बाजारातलं एक सलून बंद पडत होतं, त्याच्या मालकाला चहा पाजून पाजून त्याचा भिंतभर आरसा मिळवला. कोपऱ्यात 'येथे राजकारणावर बोलू नये' असं लिहिलेलं होतं, ते खरवडायला वेगळा माणूस लागला असता म्हणून तसंच ठेवलं. आरसा दारासमोर लावला आणि काय सांगू, बाथरूम दुप्पट झाली!

राहिला रंग. दुकानातल्या रंगाचा भाव ऐकून मी दुकानदाराला इतकं बोललो, की त्याने माझ्यासमोर शटर ओढलं. मग मला हमरापूर आठवलं, जवळचंच, गणपती बनवणाऱ्यांचं गाव. तिथे घरोघरी रंगाचे डबे असतात. मी तडक गीताताईच्या कारखान्यात गेलो. गीताताई म्हणजे घासाघिशीत माझ्याहून चिवट बाई. बाथरूमसाठी पाहिजे म्हटलं असतं तर तिने मला सोललं असतं. मी हात जोडले.

"गीताताई, गणपतीसाठी रंग पायजे." (खोटं काय त्यात? सगळं गणपतीसाठीच चाललं होतं!)

"केवढा हाय गणपती?"

मी मनात भिंती मोजल्या. "पाच फुटी."

"बया! मंडळाचा?"

"व्हय."

"शाडूचा?"

"शाडूचाच." माझं काय जातंय?

तिचा चेहराच बदलला. "मग देवाच्या कामाला मी कमवायची नाय. हा घ्या, अंगाचा रंग. खास शाडूच्या मूर्तीसाठी. पाण्यात गेला की..."

"पाण्यात गेल्यावर मी बघायला जाणार नाय, ताई! भाव बोला."

तिने सांगितला. मी तो निम्म्यावर आणला. आणि निघताना वर म्हणून मुकुटाच्या सोनेरी रंगाचा डबा फुकट उचलला. आयुष्यात असा सौदा केला नव्हता!

रंगारी कशाला? मीच रंगवलं. भिंतींना सायीसारखा गुलाबीसर रंग आणि छताला, उजेड पडावा म्हणून, सोनेरी. जागा एवढीशी, त्यामुळे भिंतीला लागला तेवढाच रंग माझ्या पाठीला लागला. मागच्या अंगणात नळाखाली बसलो तर एका तांब्यात सगळा उतरला! मी सुमनला म्हटलंसुद्धा, "बघ, माल किती भारी हाय. अंगावर डाग म्हणून ठेवत नाय!"

रंग सुकेपर्यंत मी बाथरूमला कुलूप लावलं. ते उघडलं थेट दादा आणि नलूवहिनी आल्यावर.

दादा टकला आणि पोटाने भरदार. कमरेला पिवळा पंचा गुंडाळून, चष्मा वहिनींच्या हातात देऊन तो दार उघडून आत डोकावला आणि लगेच दार लावून मागे आला.

"आत कोणतरी हाय."

"कोण?" कुलूप तर अजून माझ्या हातात होतं.

"हाय कोणतरी टकला. ओळखीचा वाटला."

"अहो, आरसा हाय तो!" वहिनी म्हणाल्या. मी मात्र मनात उडी मारली. माणसाला दुसरा माणूस मावलेला दिसतो, म्हणजे जागा किती वाटत असेल!

दादा आत गेला. कडी लागली. गिझरचं कढत पाणी बादलीत पडू लागलं आणि मी दाराबाहेर स्टुलावर बसलो. निवडणुकीच्या निकालाला उमेदवार बसतो तसा. आतून स्तोत्र सुरू झालं. मग तांब्या. मग पुन्हा स्तोत्र. दादा अजून एकदाही कुठे धडकला नव्हता!

इतक्यात मागच्या दारातून सुमन धावत आली. "अहो, मोरीचं पाणी लाल येतंय!"

मी पळत जाऊन पाहिलं. लाल नव्हतं, गुलाबी होतं. पण भरपूर होतं! दादा पडला. डोकं फुटलं. गणपती राहिला बाजूला, आता भावकी मला पोलिसात देणार!

"दादा!" मी दार बडवलं. "बरा हायस ना?"

"बरा म्हणजे? डोळ्यांत साबण गेलाय, ओरडू नको. बाळ्या, साबण कुठला रे हा? केवढा फेस! पाठ घासायला टेकलो तर भिंतपण साबणासारखी लागते. आणि कायतरी टपटपतंय वरून."

"वाफ असंल!" मी म्हणालो, आणि तेव्हा मला छत आठवलं. गीताताईचं तोडलेलं वाक्य आठवलं. पाण्यात गेला की... शाडूच्या मूर्तीचा रंग पाण्यात गेला की मूर्तीआधी तोच विरघळतो, हे पेणमध्ये जन्मलेल्या माणसाला कोणी सांगायला नको होतं.

आतून दादाचा प्रसन्न आवाज आला, "पण खरं सांगतो बाळ्या, मोकळं वाटतंय रे! दोन्ही कोपरं वाकतायत. जा, यंदा गणपती तुझा!"

वीस वर्षं मी या वाक्याची वाट पाहिली होती! आणि आता ते ऐकून मला रडू येत होतं.

"दादा, अजून दोन तांबे घे!"

"झालं रे."

"बाहेरच्या नळावर घे! थंड पाणी चांगलं असतं!"

कडी वाजली. वाफेचा लोट बाहेर आला आणि त्यातून दादा प्रकट झाला. नखशिखान्त सायीसारखा गुलाबीसर. टकलावर सोनेरी ओघळ, बरोबर मुकुटासारखे. पुढे पोट, खाली पिवळा पंचा. वाफेने आरसा धुरकटला होता, चष्मा वहिनींकडे होता, त्यामुळे त्याला स्वतःला काहीच ठाऊक नव्हतं. तो प्रसन्न हसत उभा राहिला.

नेमक्या त्याच वेळी शेजारच्या गोदाआत्या वहिनींना भेटायला आल्या. त्यांना अंधुक दिसतं. त्यांनी दारातच चपला काढल्या आणि दादाला हात जोडले.

"सुमन, यंदा लवकरच आणलात गो! डोळे काय सुरेख काढलेत!"

दादाने वहिनींच्या हातून चष्मा ओढून घेतला, आत जाऊन पंच्याच्या टोकाने आरसा पुसला आणि नाक टेकवून आत पाहिलं.

"बाळ्या," तो आतून हळू आवाजात म्हणाला, "मघाचाच टकला हाय. पण ह्याला रंगवलाय कोणी?"

पुढे तो जे बोलला ते राजकारण नव्हतं, म्हणून आरशाला चाललं. इथे लिहिता येणार नाही. सारांश एवढाच, की दिलेला शब्द दादाने वाफ विरायच्या आत परत घेतला.

यंदाही मूर्ती मीच मांडीवर घेऊन रोह्याला नेली. यंदाही "ठेव तिथं" ऐकलं. वर भावकीतला प्रत्येक माणूस मला रंगाचा भाव विचारून गेला!

तरी आमच्या घरी गणपती आलाच नाही, असं कोणी म्हणू नये. आला होता. अर्ध्या तासाचा. मागच्या अंगणात पाइप लावून त्याचं विसर्जन मी स्वतःच्या हाताने केलं. फक्त 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणायचा माझा धीर झाला नाही.