भंडाऱ्यावरचा राजीनामा

अ‍ॅडव्होकेट कालिंदीताईंच्या ऑफिसात एक नियम आहे: प्रकरण बाईचं असेल तर नवऱ्यानं बाहेरच्या बाकावर बसायचं. निवडणुकीच्या कायद्यात ताईंची हयात गेली. आमदारांपासून ग्रामपंचायत सदस्यांपर्यंत सगळे सल्ल्याला येतात आणि शिव्या खाऊन जातात. मी त्यांची ज्युनिअर. मला विचाराल तर त्या कमीच देतात.

करमाडकडच्या एका गावच्या सरपंच मनकर्णाबाई आल्या, तेव्हा त्यांचा नवरा बन्सी सरळ आत येऊन खुर्चीत बसला. "सरपंच म्हंजी मीच समजा," म्हणाला. माझं डोकंच फिरलं. ताईंनी त्याला उठवून मनकर्णाबाईंना बसवलं.

प्रकरण नेहमीचंच. अर्धी मुदत यांनी, अर्धी दुसरीनं, असं पॅनलनं आधीच वाटून घेतलेलं. म्हणून निवडून येताच देवळात नेऊन, हातात भंडारा देऊन, बिनतारखेच्या राजीनाम्यावर मनकर्णाबाईंची सही घेतली. लोकांनी निवडून दिलेली बाई यांना सालगड्यासारखी बदलायची असते! आता पॅनलच्या पुढाऱ्यानं तारीख टाकून तो कागद परस्पर पंचायत समितीत दिला होता.

"सही खोटी हाय म्हनून सांगू," दारातून बन्सी म्हणाला.

"सही माझीच हाय. खोटं नाय बोलनार मी," मनकर्णाबाई म्हणाल्या.

ताई भडकल्या, पण बन्सीवर. "गरजच नाही खोट्याची. पद यांचं आहे, बोलतीलही याच."

जिल्हाधिकारी कार्यालयात सुनावणी झाली. बन्सी पुढं सरसावला, "साहेब, तिला काई कळत नाय, मी सांगतो."

"सरपंच इथं उभ्या आहेत!" ताई कडाडल्या.

मग पुढारी मनकर्णाबाईंकडं वळला. "भंडारा उचलला व्हता ना? देवाला तरी भ्या!"

त्यांचा चेहरा उतरला. भंडाऱ्याची शपथ मोडली तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. क्षणभर मला वाटलं, गेलं पद.

"उचलला," त्या म्हणाल्या. "तुमीबी उचलला व्हता, वस्तीला नळ देऊ म्हनून. कुठंय नळ? साहेब, सही माझी, पर राजीनामा म्या दिलेला नाय. मला काम करायचंय."

स्वखुशीनं दिलेला नाही म्हणून राजीनामा रद्द ठरला.

आठवड्यात गावात अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. त्यावर हात जोडलेला बन्सी भलामोठा आणि कोपऱ्यात टिकलीएवढ्या मनकर्णाबाई. मोबाइलवर त्याचा फोटो पाहून ताईंनी संतापून मनकर्णाबाईंना फोन लावला. "आधी उतरवा तो!"

"उतरवला की, ताई. अंगणवाडीचा पत्रा लई गळत व्हता, त्यावर टाकला. मालकांचं तोंड वरच्या अंगाला ठिवलंय."