केळकरकाकांच्या लाल गाडीचा अल्टरनेटर

मोटारींच्या वायरिंगचं दुकान असलं की दोन गोष्टी आपोआप साठतात. जळकी तांब्याची तार आणि किस्से. तार भंगारवाला घेऊन जातो, किस्से कोणी नेत नाही! इथे हिंदी मुलखात, दौलतगंजात माझं आणि सलीमभाईंचं दुकान आहे. वायरिंग मी बघतो, वाइंडिंग म्हणजे कॉइलवर तार गुंडाळायचं काम ते. मित्रमंडळी चहाला टेकली की फर्माईश एकच, "संजू, ते केळकरकाकांचं सांग ना यार!"

काका गावातच, हरिशंकरपुरमला राहतात. सरकारी ऑडिटमधून रिटायर झाले आणि दिल्लीहून सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेऊन आले. लाल, बुटकी, दोनच सीटा. काकूंची सगळी नोकरी शाळेत शिकवण्यात गेली, त्यांना शब्द कमी लागतात. गेटपाशी उभं राहून त्यांनी गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली आणि विचारलं,

"अर्धीच मिळाली का?"

*

ती गाडी बंद पडली तीसुद्धा भर दालबाजारात, सकाळी अकराला. पुढे पोत्यांचा हातठेला, मागे टेम्पो, आणि मधे काका-काकू. आधी हॉर्न बसला, मग एसी गेला, मग इंजिनच गप्प. मागचा टेम्पोवाला हॉर्नवरून हात उचलेना. शेवटी चार हमालांनी पोती खाली ठेवली आणि गाडी ढकलत आमच्या दुकानापर्यंत आणली. त्यातला एक घाम पुसत काकांना म्हणाला, "बाबूजी, इतनी महंगी गाड़ी और सीट सिर्फ दो? बाकी घर कहाँ बैठता है?"

काका म्हणाले, "बाकी घर नाराज़ है।"

काकू बाजूच्याच सीटवर होत्या!

*

मी मीटर लावला. बॅटरी नवी कोरी, पण अगदी रिकामी. त्याआधीची पण नवीच होती म्हणे. दुसरीकडे दोनदा बॅटरी बदलली, पण अल्टरनेटरकडे कोणी बघितलंच नव्हतं. आता इंजिन चालू असताना बॅटरी भरत राहायची ती अल्टरनेटरने. तोच मेला तर नवी बॅटरी काय करणार?

काकांना हे समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे कमावणारा आजारी, आणि आम्ही तिजोरी बदलत बसलो."

मग एका दमात, "रविवारपर्यंत होईल? रविवारी व्हायलाच पाहिजे. होईल ना?"

त्या दिवशी मंगळवार होता.

*

साध्या गाडीचा अल्टरनेटर मी तासाभरात काढतो. हा इतका खाली, इतका आत की पुढचं चाक काढा, आतलं प्लास्टिक काढा, मग आडवं पडून हात घाला. सलीमभाईंनी हात घातला आणि तो अडकला. पुढे जाईना, मागे येईना.

काका तेव्हा दुकानात येरझाऱ्या घालत होते. शटरपासून बाकापर्यंत, बाकापासून शटरपर्यंत. बसा म्हटलं की बसायचे, लगेच उठायचे. ते वाकले आणि विचारलं, "सलीमभाई, काही मिळालं का?"

गाडीखालून आवाज आला, "जी हाँ। मेरा हाथ मिल गया है, निकल नहीं रहा!"

*

अल्टरनेटर काढून उघडल्यावर कळलं, आतलं वाइंडिंग एका बाजूने काळं पडलेलं. डायोड उडालेले, कार्बन झिजून नखाएवढे उरलेले. तयार अल्टरनेटरसाठी दिल्लीला फोन केला तर म्हणाले, पंधरा दिवस. काकांचा चेहराच उतरला. सलीमभाईंनी चष्मा चढवला. "छोड़ो दिल्ली को। मैं भर दूँगा।"

वाइंडिंग भरताना सलीमभाई वेढे तोंडाने मोजतात. "सात, आठ, नौ..." आणि काका विचारणार, "तार कुठली आहे ही?" मोजणी गेली! पुन्हा पहिल्यापासून. "पाँच, छह..." "गरम होणार नाही ना?" पुन्हा गेली!

तिसऱ्यांदा सलीमभाईंनी हात जोडले. "बाबूजी, या तो मैं बोलूँगा या आप।"

काका गप्प झाले. आमच्या ओळखीत पहिल्यांदाच. कॉइल पूर्ण झाली, सलीमभाईंनी गाठ मारली. तेव्हा काका हळूच म्हणाले, "एक कम है।"

सलीमभाई तडकले. तीस वर्षं हेच काम करतोय म्हणाले. पण माणूस सच्चा. गाठ सोडली, उलगडून मोजले.

एक कमी होता!

*

शनिवारी सगळं बसवलं, पट्टा चढवला, गाडी सुरू केली. बॅटरीचा लाल दिवा विझला. मी मीटर लावून काकांच्या डाव्या बाजूला धरला. काका म्हणाले, "किती दाखवतोय?"

मला वाटलं चष्मा विसरले. मीटर डोळ्यांसमोर मधोमध धरला तेव्हा त्यांनी स्वतःच वाचला, आणि मग सांगितलं. काचबिंदू. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. दालबाजारात गाडी बंद पडली त्याच्या आदल्या दिवसापर्यंत घरात कोणाला बोलले नव्हते. डॉक्टरांनी आता स्टीअरिंगला हात लावायचा नाही म्हणून सांगून दिलं होतं. तरी मंगळवारी त्यांनीच चालवली, म्हणून काकू नाराज. रविवारची घाई त्यासाठी होती. गाडी विकायची होती, आग्र्याहून गिऱ्हाईक येणार होतं.

सलीमभाईंनी फडकं घेतलं आणि आधीच स्वच्छ असलेलं बॉनेट पुसत बसले.

*

रविवारी काकू पण आल्या. मी त्यांना मीटर दाखवला. "काकू, चौदा पॉइंट दोन!"

"कितीपैकी?"

"पैकी काही नसतं हो. पास आहे, फर्स्ट क्लास."

"मग ठीक," काकू म्हणाल्या आणि बाकावर बसल्या.

आग्र्याचा माणूस आला. गाडीभोवती फिरला, दरवाजे उघडून पाहिले, फोटो काढले. त्याला पसंत पडली होती, चेहऱ्यावर दिसतच होतं. काका खिशात किल्ली धरून उभे. जाता जाता त्याने सहज विचारलं, "बाकी चार्जिंग-वार्जिंग सब ठीक है न?"

काकांनी जन्मात कोणाची खोटी नोंद चालू दिली नव्हती. त्यांनी एकदा गाडीकडे बघितलं, एकदा जमिनीकडे.

"नहीं जी," ते म्हणाले. "बहुत परेशान करती है।"

मी सलीमभाईंकडे पाहिलं. चार दिवस त्या वाइंडिंगवर मान मोडली होती त्यांनी. चेहरा लाल झाला. म्हटलं, आता फुटणार!

सलीमभाईंनी हात पुसले, पुढे आले.

"साहब, मेरी मानो तो मत लो। आगरा तक नहीं पहुँचेगी।"

दहा मिनिटांत तो माणूस निघून गेला. आम्ही तिघं पुरुष एकमेकांकडे न बघता उभे. काकू बाकावरून उठल्या. आता काय बोलतात म्हणून काका जागीच थिजले.

काकूंनी त्यांच्यासमोर हात पसरला, किल्ली घेतली, गाडीचा उजवा दरवाजा उघडला. वाकून आत बसल्या, सीट पुढे ओढली, पदर खोचला.

"संजू," त्या म्हणाल्या, "यातला क्लच कुठला रे?"