कुलूप नव्हे, किल्ली

माझी काकू कपड्यांच्या कारखान्यात शिवण तपासते. सुटलेला टाका तिच्या नजरेतून सुटत नाही, आणि माणूसही. बायकांनी तिला तक्रार समितीवर बसवलं तेव्हा साहेबांना वाटलं, बरं झालं, बाई मवाळ दिसते. दिसते, एवढंच.

सुपरवायझर कुणाला मालाच्या खोलीत का बोलावतो, हे एकेक जण येऊन तिला सांगू लागली. नाव फुटलं तर नोकरी गेली, म्हणून काकूने प्रत्येकीची जबानी समितीच्या लॅपटॉपवर टाइप करून कुलूपबंद केली. तीही टर्मिनलच्या काळ्या खिडकीत, एकेक आज्ञा हाताने लिहून. मी सर्व्हर सांभाळण्याचं काम करते, शिकवलं मीच. सोपा प्रोग्रॅम टाकून देऊ का, असं विचारलं तर म्हणाली, "बटणामागे कोण बसलंय मला काय माहीत? इथे मी लिहीन तेवढंच होतं."

मग फर्मान आलं. लॅपटॉप कंपनीचा आहे, आजच्या आज परत करा, नवा करून देऊ. नवा म्हणजे कोरा, हे शेंबडं पोरही सांगेल. काकूने मला फोन केला. "सगळ्याची नक्कल पेनड्राइव्हवर आहे. फक्त येऊन बघून जा."

गेले. समितीच्या खोलीच्या दारात साहेबांचा माणूस ताटकळत उभा होता. पेनड्राइव्ह माझ्या लॅपटॉपला लावला, एक जबानी उघडायला गेले, तर उत्तर आलं: गुप्त किल्ली नाही. या कारभारात दोन किल्ल्या असतात. एक उघडी, ती खरं तर कुलूपच, कुणालाही द्यावं. दुसरी गुप्त, कुलूप उघडतं ते फक्त तिनेच. काकूने जिवापाड जपली होती ती कुलपाची नक्कल.

"काकू, किल्लीची नक्कल काढायच्या आज्ञेत 'सीक्रेट' शब्द लिहायचा राहिला गं."

"राहिला नाही, मी गाळला. मी काय चोरी करतेय? लपवायचंय ते त्या सुपरवायझरला."

हसावं की कपाळावर हात मारावा, कळेना. हा तिचा ताठा सगळ्या बायकांना भोवला असता.

"मॅडम, झालं का?" दारातून आवाज आला.

"नाही झालं. बसा. नाहीतर उभे राहा."

तिने आज्ञा पुन्हा लिहिली, या वेळी तो शब्द घालून, दात-ओठ खात. गुप्त किल्ली पेनड्राइव्हवर आली. माझ्या लॅपटॉपवर जबानी उघडली, तशी तिने स्क्रीनवर पंजा ठेवला. मला अक्षरही वाचू दिलं नाही. माझ्याकडची किल्ली लगेच पुसायला लावली. मग कंपनीच्या लॅपटॉपवरची पुसायला घेतली. यंत्राने विचारलं, नक्की पुसू? मग पुन्हा विचारलं.

"बघ," काकू म्हणाली, "हे दोनदा विचारतंय. तुझ्या काकाने लग्नातही एकदाच विचारलं होतं, तेही जेवलीस का म्हणून."

तेवढ्यात साहेब स्वतः आले. "पासवर्ड द्या. यंत्र कंपनीचं, म्हणजे आतलंही कंपनीचं."

"यंत्र तुमचं, घ्या. बायका तुमच्या मालकीच्या नाहीत."

"उद्यापासून कामावर येऊ नका."

"मी नाही येणार. जबान्या येतील."

मला त्या क्षणी तिचा इतका अभिमान वाटला की मी साहेबांच्या तोंडावर हसले. हसायला नको होतं, असं घरी सगळे म्हणाले. म्हणोत.

कामगार कार्यालयात चौकशी लागली. बायका मागच्या बाकांवर गुपचूप बसल्या होत्या. साहेबांचे वकील मोठे तावातावाने बोलले: ही सगळी ऐकीव गोष्ट, या बाई लोकांच्या नावावर आग लावतात, खरी असेल तर एक तरी बाई नावानिशी पुढे येऊ दे. कुणी हललं नाही. काकूने पेनड्राइव्ह माझ्या लॅपटॉपला लावला आणि अधिकाऱ्यांच्या टेबलावर एक फाइल उघडली.

"ही कुणाची?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"माझी."

माझ्या शेजारी बसलेले काका एकदम ताठ झाले. त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. काकू उभी राहिली आणि सुपरवायझरकडे बघत तिने स्वतःची जबानी मोठ्याने वाचली, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. मग खाली बसली आणि पाणी मागितलं.

पाणी यायच्या आत मागच्या बाकावरची एक बाई उठली. "ताई," ती म्हणाली, "आता माझी उघड."