भिलाई: जिथं माझा व्हिडिओ पोचलाच नाही

ऑक्टोबरात मी स्तनाच्या कॅन्सरच्या तपासणीवर दीड मिनिटाचा व्हिडिओ टाकला. गुलाबी दुपट्टा, मागे हळवं संगीत, शेवटी हात जोडून "ताई, तपासून घ्या". लाईकचा नुसता पाऊस, त्यातले बरेचसे पुरुषांचे. समाज जागा करून मी इतकी दमले, की विश्रांतीला मावशीकडे भिलाईला निघाले.

नागपूरहून सकाळची गाडी पकडा, चार-साडेचार तासांत भिलाई पॉवर हाऊस स्टेशन. सगळ्या गाड्या तिथं थांबत नाहीत. तसं झालं तर दुर्गला उतरून शेअर ऑटो. कॅम्प-१ मधली मावशीची गल्ली एवढी अरुंद, की ऑटोवाला तोंडाशीच "बस, यहीं तक" म्हणून मोकळा होतो.

मावशीनं तांदळाच्या पिठाचा गरम चिला आणि टमाटरची चटणी पुढ्यात ठेवली. निदान यासाठी तरी भिलाईला जाच. मावसाजी स्टील प्लांटमधून रिटायर झालेत आणि आता घराची सुरक्षा बघतात. गॅसचं बटण तीनदा तपासतात, मावशीचा फोनही.

"माझा व्हिडिओ कसा वाटला?" मी कौतुकाची वाट बघत विचारलं.

"कोनता वं?" मावशी म्हणाली.

"फॅमिली ग्रुपवर टाकला होता ना!"

"तसलं काही आलं का मीच डिलीट करतो तिच्या फोनातून," मावसाजी पेपरामागून बोलले. "बायकायनं पाहावं असं आहे का ते?"

"पण तुम्ही तर अंगठा दिला होता!"

"पोरगी आपली आहे, म्हणून देल्ला."

स्वयंपाकघरात मावशीनं माझ्या फोनवर तो व्हिडिओ दोनदा पाहिला. मग गॅस बंद केला. "गाठ दुखत नसन, तरी राहते का वं कॅन्सर?"

"राहू शकतो. कावून?"

तिनं माझा हात धरून स्वतःच्या काखेजवळ नेला. वाटाण्याएवढं, टणक. "पोळ्यापासून आहे. दुखत नाही, मंग कोनाले सांगू?"

मी तशीच बाहेर गेले आणि मावसाजींच्या हातातला पेपर बाजूला करून गाठीचं सांगितलं. मी फार घाबरले होते.

दुसऱ्या दिवशी मैत्रीबागेच्या प्राणिसंग्रहालयातले पांढरे वाघ बघायचे ठरले होते. ते तुम्हीच बघा. आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी कसली तपासणी विचारलं, तर मावसाजींनी आधी मागं बघितलं, मग हळूच म्हणाले, "लेडीज प्रॉब्लेम." गॅसचं बटण तीनदा तपासणारा हा माणूस मग दोन तास स्वतःच्या बुटांकडे बघत बसला. आत डॉक्टरबाईंनी मावशीला तपासलं, मॅमोग्राफी केली, सुईनं नमुना घेतला. रिपोर्ट नंतर मिळणार होता.

नागपूरला परतल्यावर मी लाईक बघायचं सोडलं, असं लिहिलं असतं तर छान दिसलं असतं. बघत होते. आणि दर तासाला मावशीला फोन करत होते.

आठवड्यानं फॅमिली ग्रुपवर, सुप्रभातच्या फुलांखाली, मावसाजींचा मेसेज आला:

"तुमच्या मावशीले स्तनाचा कॅन्सर निघाला. लवकर सापडला, इलाज होते म्हणते डॉक्टर. आपापल्या घरच्या बायांले तपासून आना. जावयांनी बी वाचा. कोनी डिलीट करू नका."