देव इथंच राहील

करिष्मा गोंडाणे आमच्या जुनवानीच्या गल्लीतली. तिचे वडील अमरदीप, भिलाईच्या पोलाद प्लांटमधल्या रेल मिलला क्रेन चालवत. मूळ घर भंडाऱ्याकडचं, पण अमरदीप स्वतःही भिलाईतच जन्मलेला. घरात मराठी, शाळेत हिंदी, आणि छत्तीसगढी ती शिकली गल्लीच्या तोंडाशी भाजी घेऊन बसणाऱ्या बायकांकडून. लहानपणी शाळेतून आली की दप्तर टाकून त्यांच्या टोपल्यांपाशी जाऊन बसायची. पुढे ती छत्तीसगढी अशी बोलू लागली की खेड्यातल्या बायका तिला माहेर विचारत. हाच गुण तिच्या अंगाशी आला.

एम. ए.ला तिनं पुरातत्त्व घेतलं तेव्हा नातेवाइकांना काही उमजेना. मुलगी बँकेची परीक्षा सोडून माती खोदायला चालली, असं जो तो म्हणे. अमरदीप फार बोलणारा माणूस नाही. तो एवढंच म्हणायचा, "शिकून राहिली ना? शिकू द्या."

पहिल्या वर्षाची परीक्षा संपल्यावर मे महिन्यात विभागाचं उत्खननाचं शिबिर लागलं. जागा होती खैरडीह, शिवनाथ नदीच्या काठचं लहानसं गाव. गावाबाहेर एक बुटकं टेकाड, त्यावर कडुलिंब, आणि कडुलिंबाखाली कमरेपर्यंत जमिनीत गेलेला एक दगडी देव. शेंदराचे थर चढून त्याचं नाकडोळ्यांचं काही दिसत नव्हतं. गाव त्याला डीहबाबा म्हणत असे. पोरगं आजारी पडलं, म्हैस हरवली, लग्न ठरलं, की लोक आधी तिथं नारळ फोडायचे.

शिबिराचे प्रमुख माथुर सर बाहेरून आलेले, विद्वान, शांत बोलणारे. करिष्माला ते फार मानत. वर्गात तिनं शंका विचारली की पुस्तक आणून देत, एखादं वाक्य चुकलं तर स्वतः बसून दुरुस्त करत. असं तिच्याकडे आजवर कोणत्या शिक्षकानं लक्ष दिलं नव्हतं. घरी आली की तिच्या बोलण्यात दर दोन वाक्यांनी सर यायचे.

सरांना टेकाड खोदायचं होतं आणि मुख्य म्हणजे डीहबाबाच्या भोवतीची माती काढायची होती. गाव तयार होईना. बैठक बसली. सर हिंदीत बोलले, लोक ऐकून गप्प राहिले. मग सरांनी करिष्माला बाजूला घेतलं आणि सांगितलं की तू त्यांच्या बोलीत समजाव. तिनं सरांना सरळ विचारलं, मूर्ती इथून नेणार नाही ना? सर म्हणाले, "नाही. देव इथंच राहील, वर चांगली शेड बांधू, असं सांग त्यांना."

तिनं सांगितलं. उभं राहून, गावच्या बोलीत, म्हाताऱ्यांना बाबा आणि बायकांना दाई, म्हणजे आई, म्हणत सांगितलं. एक बाई शेवटपर्यंत मान हलवत नव्हती. सुकवारो तिचं नाव, पन्नाशीची विधवा. डीहबाबापुढे रोज संध्याकाळी दिवा लावायचं काम तिच्याकडे होतं. तिनं करिष्माला जवळ बोलावून पुन्हा तेच विचारलं. करिष्मा म्हणाली, "मी सांगते ना, दाई." तेव्हा कुठे सुकवारो हो म्हणाली, आणि तिच्या मागून गाव.

काम सुरू झालं. दोरी आणि खुंट्यांनी चौकोन आखायचे, थराथरानं माती खरवडायची, ती चाळायची, खापरं निघाली की धुऊन उन्हात मांडायची. पहाटे उजाडताच सुरुवात, कारण दुपारी टेकाडावर पाय ठेववत नसे. करिष्माच्या चौकोनातली माती घमेल्यानं वाहायला सुकवारोच होती. न्याहारीच्या वेळी ती आपल्या डब्यातली बासी, म्हणजे रात्रभर पाण्यात भिजवलेला भात, कांद्यासोबत करिष्मापुढे सरकवायची. उन्हात तेवढंच पोटाला गार वाटे. सुकवारो तिला नोनी म्हणायची, मुलगी या अर्थानं. शिबिराचा मुक्काम गावच्या शाळेत होता; तिथल्या खोलीत झोपायला करिष्माशेजारी दामिनी होती, तिची कॉलेजपासूनची मैत्रीण. पण दिवस सगळा सुकवारोसोबत जायचा.

देवाभोवतीची माती उतरत गेली तशी मांडी दिसली, मग मांडीवरून खाली आलेला, बोटांनी जमिनीला टेकलेला उजवा हात. करिष्माच्या हातातला ब्रश थांबला. हा हात तिनं घरातल्या तसबिरीत जन्मापासून पाहिला होता. सर आले, वाकून पाहिलं आणि बुद्धच आहे म्हणाले. तिनं त्याच क्षणी वडिलांना फोन लावला.

रविवारी अमरदीप बायकोला घेऊन भिलाईच्या पावर हाउस थांब्यावरून बस धरून आला. पांढरा सदरा घालून, मोगऱ्याची फुलं घेऊन. दोघं खड्ड्याच्या काठाशी हात जोडून बराच वेळ उभे राहिले. सुकवारोनं त्यांना पाणी आणून दिलं. हा देव कोण आहे ते करिष्मानं तिला समजावून सांगितलं होतं. सुकवारोला त्यात काही अडचण वाटली नाही. तुमचाही आहे तर बरंच झालं, म्हणाली. निघताना अमरदीप लेकीला म्हणाला, "आमाले काही नाही पाहिजे. ज्यायनं त्याले इतके वर्ष दिवा लावला, त्यायच्याचपाशी राहू दे."

"राहीलच बाबा," करिष्मा म्हणाली. "सरांनी सांगितलं आहे."

शिबिर संपत आलं तेव्हा सरांनी सगळ्या विद्यार्थ्यांची सिरपूरला सहल काढली. जुनी विटांची देवळं, विहार पाहायला. सर स्वतः काम आहे म्हणून मागे राहिले. मुलं दिवसभर फिरली, गाणी म्हणत परतली. बस गावात शिरली तर ओट्यांवर माणसं बसलेली, पण कुणी हात हलवला नाही. करिष्मा तशीच टेकाडाकडे चालत गेली. कडुलिंबाखाली नुसता खड्डा होता. काठाशी ट्रकच्या चाकांनी दबलेली माती, थोडा पेंढा, तुटलेली दोरी. दुपारी ट्रक आला होता, सोबत पोलीस. पुरुष मंडळी तालुक्याच्या बाजाराला गेलेली. बायकांनी आरडाओरड केली, पण पोलिसांपुढे त्यांचं काय चालणार?

सुकवारो खड्ड्याशी बसली होती. तिनं वर पाहिलं. "तहीं तो कहे रहेस, नोनी," ती म्हणाली. तूच तर म्हणाली होतीस. एवढंच म्हणाली आणि उठून गेली.

करिष्मा शाळेत आली. सर सामान बांधत होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं, ती बसली नाही. सरांनी सगळं शांतपणे समजावलं. अशी मूर्ती उघड्यावर ठेवली तर चोर नेतात, कायदा सरकारी ताब्याचाच आहे, संग्रहालयात ती सुरक्षित राहील. यातलं काही खोटं नव्हतं. मग तिनं विचारलं की हे कधी ठरलं. सरांनी लपवलं नाही. शिबिराच्या आधीच.

"मग मला तसं का सांगायला लावलं?"

"मी सांगितलं असतं तर त्यांनी खोदू दिलं असतं का?" सर म्हणाले. "तुझं त्यांनी ऐकलं."

पुढे ते म्हणाले की तुझ्या प्रबंधाला हाच विषय देतो, या मूर्तीवर पहिलं लिखाण तुझं असेल. ती बाहेर आली. खोलीत दामिनी पलंगावर बसून रडत होती. पेंढा आणि दोरीची सोय सरांनी तिच्याकडून करून घेतली होती. तिला आठवडाभर आधीपासून माहीत होतं. "तुला सांगितलं असतं तर तू गावाला सांगितलं असतंस," दामिनी म्हणाली. करिष्मानं हो म्हटलं, सांगितलंच असतं, आणि आपली चादर उचलून ओसरीवर गेली.

सकाळी बस निघाली तेव्हा ती चढली नाही. गावच्या चौकात गेली आणि बैठक बोलवायला लावली. मला जे सांगितलं ते मी तुम्हाला सांगितलं, मला खरं माहीत नव्हतं, पण शब्द माझ्या तोंडून गेला, असं ती त्याच बोलीत उभी राहून बोलली. काहींना पटलं. काहींनी तोंडावर म्हटलं की ही रडकथाही हिला शिकवूनच पाठवली असेल. सुकवारो आलीच नाही. अमरदीप मोटारसायकल घेऊन तिला न्यायला आला. वाटेत ती म्हणाली, "बाबा, सरायनं मले काहून निवडलं ते मले आता समजलं." अमरदीपनं गाडी हळू केली.

सरांचा विषय तिनं घेतला नाही. दुसऱ्या मार्गदर्शकाकडे खापरांवर प्रबंध लिहिला. गावासोबत मूर्ती परत मिळावी म्हणून अर्ज केले, कचेऱ्यांत गेली. उत्तर नेहमी तेच, की विचार सुरू आहे. वर्षभरानं मूर्ती संग्रहालयात मांडल्याचं कळलं तेव्हा तिनं खैरडीहला निरोप धाडला आणि चार-पाच बायकांना घेऊन गेली. त्यात सुकवारो होती. शेंदूर धुऊन काढलेला देव तिनं पहिल्यांदाच पाहिला. ओळखायला तिला वेळ लागला. मग ती फरशीवर बसली. पहारेकऱ्यानं हात लावू नका म्हटलं, तिनं लावला नाही. पदराखालून आणलेला नारळ मात्र तसाच परत न्यावा लागला. परतीच्या बसमध्ये करिष्माशेजारची जागा रिकामी होती. सुकवारो पुढे जाऊन दुसऱ्या बाईजवळ बसली.

आता करिष्मा स्वतः शिबिरांत मुलांना चौकोन आखायला शिकवते. मागच्या उन्हाळ्यात एका गावात म्हाताऱ्यांनी तिला विचारलं, बाई, जे निघेल ते इथंच राहील ना? सोबतचा अधिकारी हो म्हणा असं खुणावत होता. करिष्मा म्हणाली, "बहुतेक नेतील. मी थांबवू शकणार नाही." त्या गावानं खोदू दिलं नाही. मुलांचं शिबिर दोन गावं पलीकडे एका पडीक शेतात झालं. तिथं फक्त खापरं निघाली.