आमचंच वाय-फाय दिसेना

दुपारचे दोन वाजून गेले होते. लॅपटॉपवर गल्लीतली नऊ वाय-फाय नेटवर्क दिसत होती. ज्या घरात मी बसलो होतो, तिथलं तेवढं एक सोडून.

जामखेडमध्ये माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. हे घर अण्णांचं. त्यांची सून, सविताताई, पूर्वी नर्स होत्या. मुलं झाल्यावर सहा वर्षं घरीच. आता घरून करायचं एक काम मिळेल असं दिसत होतं. तीन वाजता ऑनलाइन परीक्षा, लगेच मुलाखत, आणि परीक्षेचं सॉफ्टवेअर फक्त लॅपटॉपवर चालणारं. लॅपटॉप त्यांच्या भावाने अमेरिकेहून आणलेला, आदल्याच दिवशी हातात पडलेला.

अण्णांनी मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "ह्याला दिसतंय. टीव्हीला दिसतंय. ह्या अमेरिकेवाल्यालाच काय झालंय?"

मी एक वाजल्यापासून तेच शोधत होतो. लॅपटॉप बंद-चालू केला, राऊटरही केला. ड्रायव्हर, म्हणजे वाय-फायचं कार्ड चालवणारा प्रोग्राम, काढून पुन्हा टाकला. नेटवर्कचं नाव हाताने टाइप केलं. लॅपटॉप राऊटरला टेकवून ठेवला. काही नाही. मोबाईलचा हॉटस्पॉट घेतला, तर चाचणीच्या कॉलमध्ये चित्र अडकायला लागलं. केबल लावावी, तर त्या पातळ लॅपटॉपला केबलची जागाच नव्हती. मी त्याला मोठ्याने शिव्या घातल्या.

शेजाऱ्यांचं नेटवर्क मात्र फुल रेंजमध्ये. तासाभरापुरता पासवर्ड मागू, असं मी सुचवलं. अण्णांचा चेहरा उतरला. मधल्या भिंतीवरून दोन वर्षं बोलणं बंद होतं म्हणे. सविताताई चप्पल घालू लागल्या, तसे ते दारात उभे राहिले.

"अण्णा, सहा वर्षं थांबले," त्या म्हणाल्या. "आज भिंतीपायी थांबायची न्हाई."

अण्णा बाजूला झाले.

काहीतरी करायचं म्हणून मी माझ्या मोबाईलवर राऊटरची सेटिंग उघडली. चॅनल तेरा.

वाय-फायचे चॅनल म्हणजे रस्त्यावरच्या पट्ट्या. आपल्याकडे तेरा वापरतात, अमेरिकेत पहिले अकरा. त्यामुळे तिकडच्या बऱ्याच लॅपटॉपना बारा-तेरावरचं नेटवर्क दिसतच नाही. आणि नेट हळू चालतंय अशी अण्णांची तक्रार आली, तेव्हा गर्दी नसलेला तेरा नंबर लावणारा माणूस मीच होतो. महिनासुद्धा झाला नव्हता.

तेराचा सहा केला. अर्ध्या मिनिटात घरचं नेटवर्क यादीत आलं.

सविताताई आल्या त्या तळहातावर शेजारच्या काकूंनी लिहून दिलेला पासवर्ड घेऊन. तो टाकून ठेवला, घरचं पडलं तर असावा म्हणून. पडलं नाही. परीक्षा झाली, मुलाखत झाली, पंधरा दिवसांत काम सुरूही झालं.

चूक माझी होती, हे मी अण्णांना त्याच दिवशी सांगितलं.

"मग तासभर शिव्या लॅपटॉपला कशापायी दिल्या?" त्यांनी शांतपणे विचारलं.

तेव्हापासून कुठेही गेलो की आधी बघतो, सेटिंगला शेवटचा हात कोणाचा लागलाय. बऱ्याचदा तो मालकाचा नसतो, दुरुस्तीवाल्याचा असतो.